बाजूचं तिकीट

कुमुदताई,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. तेराव्याला मी वरशाला तुमच्या घरी आलो होतो, पण जेवलो नाही. लोकांना वाटलं, दुःख आहे. दुःख होतंच, पण ताट नाकारलं ते रागाने. बारा वर्षं आपलं एक भांडण चालू होतं आणि ते तसंच टाकून तुम्ही निघून गेलात. सौदा अर्ध्यात सोडून उठणाऱ्या माणसाचा मला संताप येतो, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. त्यासाठी तुमच्या देखत मी दोन-तीन गिऱ्हाइकांच्या अंगावर धावून गेलो होतो.

भांडण केवढ्यावरून, तर मोहरीच्या दाण्याहून बारीक एका पांढऱ्या ठिपक्यावरून. अर्ध्या आण्याच्या हिरव्या टपाल तिकिटावर, राजाच्या कानामागे तो आहे. मी म्हणत होतो, छापायच्या प्लेटलाच तिथे खळगा होता. तुम्ही म्हणत होतात, छापताना मध्ये धूळ आली. प्लेटचा असेल तर त्या तिकिटाला मान आणि किंमत दोन्ही. धूळ असेल तर ते इतर हजारांसारखं एक जुनं तिकीट. एवढ्यावरून मी तुम्हाला जे बोललो ते मला परत घ्यायचं होतं. आणि तुम्ही जे बोललात ते तुम्ही आधी परत घ्यावं, म्हणून मी थांबलो होतो.

तुमच्या दारात पहिल्यांदा आलो तेव्हा मला तिकिटांतलं काही कळत नव्हतं. पेणला गणपतीच्या कारखान्यात मी साचे भरायचो. मूर्ती बाहेरगावी पाठवताना खोक्यात रद्दी कोंबतात. ती आणायचं काम माझ्याकडे आलं आणि रद्दीत जुनी पत्रं सापडू लागली. पत्रावरच्या तिकिटाला गिऱ्हाईक असतं हे समजल्यावर मी साचे सोडले. कुणीतरी म्हणालं, रोह्याजवळ वरशात एक बाई आहेत, कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. एकट्याच राहतात, भिंगातून तिकिटं बघतात आणि शेकड्याने घेतात.

तुम्ही खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा कागद पसरलात, माझं पाकीट त्यावर ओतलंत आणि चिमट्याने एकेक तिकीट सरकवू लागलात. मी तिकिटांकडे बघतच नव्हतो. माल कळत नसला तरी मला माणूस कळतो, त्याच्यावरच मी वर आलो. एका तांबड्या तिकिटावर तुमचा चिमटा थांबला, भुवई जराशी वर गेली, आणि मी लगेच म्हणालो, "ते शेकड्यात नाय. त्याची किंमत वेगळी."

"का वेगळी?"

"ते तुम्हाला माहीत हाय."

तुम्ही चिमटा खाली ठेवलात. "माझं तोंड काय बघतोस? तिकीट बघ."

आणि भिंग माझ्याकडे सरकवलंत. मला चौकटीला एक खाच दिसली. मी म्हणालो, खराब झालंय. तुम्ही वहीतून दुसरं काढून दाखवलंत, त्यालाही तीच खाच, त्याच जागी. मग तिसरं. तुम्ही समजावू लागलात की एका शीटवर पुष्कळ तिकिटं एकदम छापतात, प्रत्येकाचं प्लेटवर आपलं घर असतं, आणि त्या घरात काही बिघडलेलं असलं की दर शीटमध्ये त्याच घरी ते उमटतं. मी मध्येच तोडलं. म्हणालो, हे मला शिकवू नका, हे साच्यासारखं आहे. साच्यात सोंडेपाशी टवका उडाला असला, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक गणपतीच्या सोंडेवर फोड येतो. मूर्ती काढताना बोट लागलं, तर ती खूण त्या एकाच मूर्तीवर. आमचा मालक फोड चाचपून सांगायचा, ही कुठल्या साच्यातली.

तुम्ही वही मिटलीत. मग म्हणालात, लॅबमध्ये जन्मभर मी हेच केलं. एकदा आलेला रिझल्ट धरायचा नाही. पुन्हा करून तोच आला तर धरायचा. ते तांबडं तिकीट तुम्ही मी सांगितलेल्या किमतीला घेतलंत. आयुष्यात मला घासाघीस न करता पैसे देणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी गाडीत बसून विचार करत होतो, कमी तर नाही ना सांगितली.

पण त्यानंतर तुम्ही सावध झालात. प्रत्येक तिकिटावर तेवढाच वेळ, तेच तोंड. सोनं असो की कचरा, भुवई हलायची नाही. मी समोर बसून तुमचं तोंड वाचायचा प्रयत्न करायचो आणि हात हलवत परत यायचो. मीही कमी नव्हतो. पेणहून येताना कासू स्टेशन गेलं की मी पाकीट उघडायचो. वर फाटकी, मळकी लावायचो, चांगली तळाला. तुम्ही कंटाळून शेवटी-शेवटी हात सैल कराल, असा हिशेब. तिसऱ्या खेपेला तुम्ही पाकीट हातात घेतलंत आणि न उघडता विचारलंत, "कासूला रचलंस ना?" आणि सरळ उपडं केलंत. पुढे तो आपला रामरामच झाला. मी दारात आलो की तुम्ही विचारायचात, कासूला रचलंस? मी म्हणायचो, व्हय.

किंमत कशी करायची ते तुम्ही शिकवलंत. मला वाटायचं, गिऱ्हाइकाला जितकं हवंसं वाटतं ती किंमत. तुम्ही म्हणायचात, आधी बघ कडेचे दाते सगळे आहेत का, मागे कागद पातळ झालाय का, शिक्का राजाच्या तोंडावर बसलाय की बाजूला. मग बघ, अशी किती सापडलीत. आणि सगळ्यांत शेवटी गिऱ्हाईक. मी हे उलट्या क्रमाने करत होतो म्हणून कमावत होतो, असं मी तुम्हाला सुनावलं होतं. तुम्ही म्हणालात, कमावतोस खरं, पण काय विकलंस ते तुला माहीत नसतं. मला ते झोंबलं होतं. आज त्याच्यावर माझं दुकान चालतं.

हिरवं तिकीट धरमतरच्या बाजूने आलं. एका मिठागरवाल्याच्या घरातली कागदपत्रं रद्दीत निघाली होती, खाऱ्या हवेने सर्द झालेली. ठिपका मीच शोधला, तुमच्या मदतीशिवाय. भिंगाखाली तो इतका गोल आणि कडेला इतका स्वच्छ होता की माझी खात्री पटली, हा साच्यातला. मी पुण्याच्या एका तिकिटं जमवणाऱ्याला कळवलं. तो म्हणाला, वरशाच्या बाई प्लेट म्हणाल्या तर घेतो. मला तेव्हा तिकिटांच्या लोकांत पेणचा रद्दीवाला म्हणत. हे तिकीट विकलं गेलं असतं, तर शोधणारा म्हणून माझं नाव लागलं असतं. मला तेच हवं होतं.

त्या रविवारी तो गृहस्थ तुमच्या टेबलाशी बसला होता, मी उभा होतो. तुम्ही तिकीट बघितलंत, उलटं करून बघितलंत, मग कितीतरी वेळ त्याची उजवी कड बघत राहिलात.

"बाजूचं कुठे आहे?" तुम्ही विचारलंत.

"एकटंच आलं," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तोंड नेहमीचंच, कोरं. तो गृहस्थ म्हणाला, काय ताई, प्लेट म्हणायचं का? आणि तुम्ही त्याच्याशी नव्हे, माझ्याशी बोललात. "एकच आहे तोवर मी धूळच म्हणणार. दुसरं दाखव."

तो चहा पिऊन निघून गेला. त्याची रिक्षा वळायच्या आत मी सुरू झालो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. एक लिहितो, कारण तेच मला टोचत आलंय. मी म्हणालो, "तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या बाटल्या हलवल्या, तुम्हाला स्वतःचं काही सापडलं का कधी?"

तुम्ही चिमटा पुसलात, डबीत ठेवलात. "चहा घेऊन जा," म्हणालात. मी न घेता गेलो.

चौदा महिने मी रोह्याला पाय ठेवला नाही. पेणच्या बाजारात उभा राहून तुमच्याबद्दल वाटेल ते बोललो. शेवटी एका पाकिटावर माझं अडलं. दुसऱ्या कुणाला दाखवलं तर तो किंमत सांगायचा, तिकीट कुणी बघायचं नाही. मी आलो. दार उघडून तुम्ही विचारलंत, "कासूला रचलंस?" जणू मी परवाच येऊन गेलो होतो. मी म्हणालो, व्हय. त्यातच माझी माफी आणि तुमची माफी उरकली असं मी धरलं. पण उरकली नव्हती. दर दोन-चार खेपांना मी ठिपक्याचा विषय काढायचो, तुम्ही म्हणायचात, दुसरं दाखव. मी म्हणायचो, तुम्ही मला त्या माणसासमोर पाडलंत. तुम्ही म्हणायचात, त्याने विचारलं, मी सांगितलं. मग मी आवाज चढवायचो आणि तुम्ही चहा टाकायला उठायचात.

आता पुढचं तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी परत यायला लागलो त्याच वर्षी तुम्ही त्या हिरव्या तिकिटांच्या शीटचा एक तुकडा मिळवला होतात, उजव्या कोपऱ्याचा, कोऱ्या काठासकट. काठ असल्यामुळे प्रत्येक तिकिटाचं घर मोजता येत होतं. तुम्ही खूश होतात. त्यात अगदी डावीकडच्या एका तिकिटाची खालची रेघ तुटलेली होती. तुम्ही चिमट्याने मोजून दाखवलंत, "वरून तिसरी ओळ, उजवीकडून चौथं घर. आता या तुटक्या रेघेचं तिकीट कुठेही सुटं सापडलं तरी त्याचं घर मला माहीत." मग चिमटा आणखी डावीकडे नेलात, जिथे तुकडा फाटला होता आणि नुसता टेबलावरचा कागद होता. "याच्या शेजारी काय असेल?" म्हणालात. मी पाणी मागितलं.

ताई, ती दोन होती. मिठागरवाल्याच्या पाकिटावर अर्ध्या आण्याची दोन तिकिटं होती, एकमेकांना जोडलेली, दोन्हींवर मिळून एक गोल शिक्का. डावीकडच्यावर माझा ठिपका. उजवीकडच्याची खालची रेघ तुटकी. मी ती भिजवून सोडवली आणि माझ्या बोटांनी मधून फाडली.

का फाडली ते कारखान्यातल्या कुणालाही कळेल. टवका उडालेली मूर्ती चांगल्या मूर्तीशेजारी ठेवायची नाही. गिऱ्हाईक टवका बघतं आणि मग चांगलीतही टवके शोधत बसतं. मला वाटलं, पुण्याचा माणूस ती तुटकी रेघ बघेल आणि म्हणेल, छपाईच खराब आहे, तुझा ठिपकाही त्यातलाच. म्हणून बाजूचं तिकीट काढून शेकड्याच्या पाकिटात टाकलं. ते पाकीट कुणाला विकलं, तेही मला आठवत नाही.

माझ्याकडे जी खूण होती ती मीच फेकून दिली होती. ती जोडी शाबूत असती, तर तुम्ही दोन मिनिटांत सांगितलं असतंत: तुटकी रेघ चौथ्या घराची, म्हणजे ठिपका पाचव्या घराचा. मग दुसऱ्या शीटमधलं पाचवं घर शोधायचं, एवढंच उरलं असतं. हे सगळं मला तुमच्या टेबलाशी पाणी पिता पिता कळलं. मी ग्लास ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणालो. खरं बोललो असतो तर त्या रविवारी मी खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग तुमच्यावरचा राग मी कशाच्या जोरावर धरणार होतो? मी राग धरला. तो सोपा होता.

शेवटची भेट आपली त्या टेबलाशी झाली नाही. तुम्ही कॉटवर होतात, आवाज बारीक झाला होता. बोटं सुजलेली, चिमटा धरता येत नव्हता. मी पाकीट आणलं होतं, ते उघडलंच नाही. तुम्ही म्हणालात, "ते हिरवं आहे ना अजून? विकू नको."

मी काय म्हणालो? "धूळ कोण घेणार, ताई?"

मस्करीत बोललो. पण त्या मस्करीला धार होती आणि ती तुम्हाला कळली. तुम्ही जरा हसलात, मग खिडकीकडे बघितलंत. मी ठरवलं, पुढच्या शनिवारी येईन तेव्हा सांगून टाकीन. पुढच्या शनिवारी तुमची भाची शुभदा, जी शेवटचं वर्षभर तुमच्याजवळ राहिली, तिचा सकाळी फोन आला.

तेराव्यानंतर तिने मला बोलावलं. म्हणाली, काका, आत्याच्या तिकिटांचं काय ते तुम्हीच बघा. वह्या मला सगळ्या माहीत होत्या. पण टेबलाखाली एक चपलांचं खोकं होतं, त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, दामोदर. मला वाटलं, मी विकलेला खोटा माल परत करायला ठेवलाय.

आत पाकिटं होती. त्या सगळ्यांमध्ये अर्ध्या आण्याची हिरवी तिकिटं, साधी, कुणीही शेकड्याने देईल अशी. प्रत्येक पाकिटावर महिना, आणि खाली: पाहिली, नाही. पाहिली, नाही. पहिलं पाकीट त्या रविवारच्या पुढच्याच महिन्याचं. मी चौदा महिने पेणच्या बाजारात तुम्हाला नावं ठेवत होतो त्या चौदा महिन्यांचीही पाकिटं होती. तुम्ही मला म्हणायचात दुसरं दाखव, आणि मी गेल्यावर स्वतः ते शोधत बसायचात. शेवटच्या सात पाकिटांवर काही लिहिलेलं नव्हतं. ती तुमची बोटं सुजल्यानंतरची असणार.

सगळ्यांत वर एक कार्ड होतं. त्यावर माझं तिकीट तुम्ही पेन्सिलीने मोठं करून काढलं होतं. कानामागचा ठिपका. शिक्क्याचं अर्धं वर्तुळ, आणि उरलेलं अर्धं तिकिटाच्या बाहेर, तुटक रेषेने. उजव्या कडेचा एकेक दाता, कुठला आखूड, कुठला लांब. खाली लिहिलं होतं, डावी कड जुनी, उजवी कड नुकती फाडलेली. आणि त्याखाली एक ओळ: बाजूचं तिकीट – दामोदर सांगेल.

म्हणजे तुम्हाला त्या रविवारीच कळलं होतं. दात्यांचे ताजे पांढरे तंतू तुमच्या भिंगातून सुटणार नव्हते. त्या गृहस्थासमोर तुम्ही मला खोटा ठरवू शकत होतात. तुम्ही तिकिटाला धूळ म्हणालात आणि मला सोडून दिलंत. आणि मी म्हणत राहिलो, तुम्ही मला पाडलंत. हे आधी सांगायला काय झालं होतं, ताई? एकदा तरी टेबलावर हात आपटून म्हणायचं, दामोदर, तू फाडलंस. मी ओरडलो असतो, दार आपटून गेलो असतो, आणि आलो असतो परत. तुमची ही चूक मी अजूनही माफ केलेली नाही. तुम्ही माझ्या बोलण्याची वाट बघत बसलात, आणि मी तुमच्या.

शुभदा समोर उभी होती. तिने विचारलं, "काका, ह्याचं काय येईल?"

मी खरं सांगितलं, बाजारात याला कोण विचारत नाय. आणि लगेच एक किंमत बोललो. इतकी की ती ऐकून तुम्ही भिंग टाकलं असतंत. तिने खोक्याचं झाकण लावलं.

"आत्या सांगून गेलीय," ती म्हणाली, "दामोदरशेठ आपणहून जास्त किंमत बोलला, की आत काहीतरी हाय. विकायचं नाय."

मी तिला समजावलं, आवाज चढवला, किंमत आणखी वाढवली. जितकी वाढवली तितकी तिने खोकं घट्ट धरलं. शेवटी म्हणाली, "हवं तर शनिवारी येऊन इथं बसून बघत जा. चहा मिळेल." इतक्या वर्षांत माझ्या तोंडचा सौदा असा कुणी काढून घेतला नव्हता. मला तिच्यात तुम्ही दिसलात आणि मी शनिवारचं कबूल केलं.

आता शनिवारी येतो. कासू येतं, जातं. माझ्या हातात रचायला काही नसतं. बाहेर बघत बसतो आणि दारात मला कुणी काय विचारणार नाही हे आधीच माहीत असतं.

गेल्या शनिवारी पेन घेऊन आलो होतो. तुमच्या कार्डावर, त्या ओळीखाली, लिहिलं: होतं. मी फाडलं. खालची रेघ तुटकी होती, म्हणजे ठिपका पाचव्या घरचा. तुमच्या बारीक अक्षराखाली माझं अक्षर फार मोठं दिसतं. लिहिल्यावर मोठ्याने वाचूनही दाखवलं. शुभदा आतून म्हणाली, काय हवंय काका? मी म्हणालो, काय नाय.

सात पाकिटांतलं एक बघून झालं. पाहिली, नाही, असं त्यावर लिहिलं. धूळ नव्हे हे मी अजूनही म्हणतो. पण दुसरं सापडलं नाही तर तुमचं खरं, हेही आता म्हणतो. एखादं तिकीट चिमट्यात आलं आणि कानामागे काही पांढरं चमकल्यासारखं वाटलं, की सवयीने आधी मान वर करतो, समोरच्या खुर्चीकडे. तिथे कुणाचं तोंड नाही. मग भिंग उचलतो आणि तिकीट बघतो.